ऐकणारा

मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचं बेट आहे. बेटाच्या टेकडीवर उभं राहिलं की नदीपलीकडे जुनं गोवा दिसतं. चारशे वर्षांपूर्वी ते पूर्वेकडचं मोठं नाव असलेलं शहर होतं. तिथे पोर्तुगालच्या राजाचा व्हाइसरॉय राहत असे, आर्चबिशप राहत असत, आणि लिस्बनहून आलेली गलबतं तिथल्या धक्क्याला लागत.

या बेटावर नावेली गावात 1594 च्या सुमारास एका ब्राह्मण ख्रिस्ती घरात एक मुलगा जन्मला. घराण्याचं मूळ आडनाव महाले असं सांगतात. मुलाचं नाव होतं मातेउश द कास्त्रो. बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं गेलं होतं. लोकांनी देव उचलून नदीपलीकडे, डिचोली महालातल्या नार्व्याला नेला होता. तो मुलूख आदिलशहाचा होता. बेटावर जे उरले त्यांनी नवा धर्म घेतला, आणि दोन पिढ्यांत तो धर्म त्यांचा झाला. हा मुलगा त्यातलाच. त्याला लहानपणापासून फादर व्हायचं होतं.

बार्देशात रेइश मागुशला फ्रान्सिस्कन पंथाची शाळा होती. तिथे तो शिकला. लॅटिन आलं, पोर्तुगीज आलं, घरची कोकणी होतीच. शिकून झाल्यावर त्याने गुरुदीक्षा मागितली.

त्या वेळी गोव्यात दोन प्रकारचे पाद्री होते. एक समुद्रावरून आलेले. पंथ त्यांचे, मठ त्यांचे, चांगल्या पॅरिशी त्यांच्या. दुसरे इथल्या मातीतले. ते थोडे होते आणि मदतनीस म्हणून मागे उभे असत. इथल्या माणसांबद्दल त्या मठांतून एक बोलणं नेहमी चाले. ही माणसं अस्थिर आहेत, लोभी आहेत, यांना ब्रह्मचर्य झेपणार नाही, यांच्या हाती वेदी देऊ नये. कोणी कोणाची चौकशी केली नव्हती. एकाने म्हटलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याने लिस्बनला लिहिलं.

आर्चबिशप क्रिश्तोव्हाव द सा इ लिस्बोआ यांनीही ते ऐकलं होतं. इथल्या माणसाला दीक्षा देणार नाही अशी त्यांनी शपथच घेतली होती म्हणतात. त्यांनी या तरुणाला नकार दिला. त्याने काय केलं, काय केलं नाही, हा प्रश्न आलाच नाही. तो कोणाचा आहे एवढं पुरलं.

मातेउश घरी आला. घरचे काय म्हणाले असतील ते आपण समजू शकतो. शेत आहे, घर आहे, लग्न कर, संसार कर. पण 1621 मध्ये तो गोव्याबाहेर पडला. आपला देव रोमला आहे असं काही त्याला वाटत नव्हतं. आपलं ऐकणारा कोणी असला तर तो तिथेच असेल, असं मात्र त्याला वाटत होतं.

लिस्बनच्या गलबतावर त्याला कोण घेणार? तो इराणवरून खुष्कीच्या वाटेने निघाला. तांडे, वाळवंट, अनोळखी भाषा. वाटेत जेरुसलेम लागलं. 1625 मध्ये, घर सोडल्याला चौथं वर्ष असताना, तो रोमला पोचला.

तेव्हा रोममध्ये एक नवी कचेरी उघडली होती. 1622 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ती स्थापन केली. धर्मप्रसाराचं काम तिच्याकडे होतं, आणि तिला प्रापगांदा म्हणत. तोवर पूर्वेकडच्या चर्चचा सारा कारभार पोर्तुगालच्या राजाकडे होता. बिशप तो नेमे, खर्च तो करी, आणि आपल्या परवानगीशिवाय पोपचाही माणूस तिकडे जाऊ नये असा त्याचा हट्ट होता. या हक्काला पाद्रोआदो म्हणत. नव्या कचेरीला तो हक्क सलत होता.

कचेरीचे पहिले सचिव होते फ्रान्चेस्को इंगोली. राव्हेन्नाचा माणूस, कायदा शिकलेला. त्यांनी जगभरातून अहवाल मागवायला सुरुवात केली. एका मुलुखाबद्दल एकाने काय लिहिलं, दुसऱ्याने काय लिहिलं, ते दोन्ही समोर ठेवून वाचायचे. गोव्याहून आलेली पत्रं त्यांच्याकडे होतीच. इथली माणसं पाद्री व्हायच्या लायकीची नाहीत, असं सांगणारी. आणि आता त्या माणसांपैकी एक समोर उभा होता, लॅटिन बोलत.

इंगोली काही संत नव्हते. पोर्तुगीजांची पकड त्यांना ढिली करायची होती, आणि येशूसंघीयांवर, म्हणजे जेझुइट पाद्र्यांवर, त्यांचा रागही होता. तरी त्यांनी एक गोष्ट केली जी गोव्यात कोणी केली नव्हती. या माणसाला त्यांनी शिकू दिलं आणि पारखून घेतलं. मातेउशने तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. 1630 च्या सुमारास रोममध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली.

मातेउश आता फादर मातेउश झाले, आणि पोपच्या कचेरीचे कागद घेऊन गोव्याला परतले.

गोव्याने कागद पाहिले आणि बाजूला ठेवले. रोमला खोटंनाटं सांगून हे मिळवलेत, असं बोलणं उठलं. काय खोटं सांगितलं, ते कोणी सांगेना. पण बोलणं धक्क्यावरून मठात गेलं, मठातून आर्चबिशपांच्या वाड्यात गेलं, आणि तिथून गावोगावच्या चर्चमध्ये. जे लोक काल नमस्कार करत होते ते आज रस्ता बदलू लागले. फादर मातेउश यांना तिथे काम करणं अशक्य झालं. ते पुन्हा रोमला गेले.

इंगोलींनी त्यांचं पुन्हा ऐकलं. या वेळी उत्तर मोठं आलं. 1637 मध्ये पोप आठवे उर्बान यांच्या काळात त्यांना बिशप करण्यात आलं, आणि तेही गाजावाजा न करता, कारण लिस्बनला आधी कळलं असतं तर अडथळा आला असता. नावाला क्रिसोपोलिसचे बिशप, कामाला आदिलशाही मुलखातले पोपचे थेट प्रतिनिधी. पोर्तुगीज आदिलखानाला इदालकान म्हणत, म्हणून त्या प्रांताचं नावही इदालकान पडलं. लॅटिन परंपरेत बिशप झालेले हे पहिले भारतीय.

दिवाडीचा मुलगा बिशप होऊन परत आला. गोव्यातल्या घराघरांत त्या रात्री काय बोलणं झालं असेल!

बिशप मातेउश यांनी लगेच एक काम केलं. आर्चबिशपांनी नाकारलेल्या काही स्थानिक तरुणांना त्यांनी दीक्षा दिली. वीस वर्षांपूर्वी आपल्याला जे दार बंद मिळालं ते त्यांनी दुसऱ्यांसाठी उघडलं. आणि तिथूनच वैर पेटलं. आर्चबिशपांच्या माणसांनी त्या दीक्षा मानल्या नाहीत. बिशपपदाचे कागदसुद्धा फसवून मिळवलेले आहेत, असं पुन्हा जाहीर झालं. ज्या तरुणांच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला होता त्यांना वेदीवर जायची मनाई झाली.

गोव्यात तेव्हा आणखी एक मोठे धर्मगुरू राहत होते. आफोन्सो मेंदेश त्यांचं नाव. येशूसंघीय, विद्वान, पदवीने इथिओपियाचे पेट्रिआर्क. ते इथिओपियात गेले तेव्हा तिथल्या राजाने त्यांचं स्वागत केलं होतं. त्यांनी तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या चालीरीती मोडून सगळं रोमच्या पद्धतीने बसवायला घेतलं. लोक बिथरले, राज्य पेटलं, नव्या राजाने 1634 मध्ये त्यांना हाकलून दिलं. वाटेत ते तुर्कांच्या कैदेत पडले. खंडणी भरून सुटले आणि गोव्याला आले. मोठं पद होतं, पण पदाखालची जमीन गेली होती. अशा माणसाच्या मनात काय कडवटपणा साचला असेल, ते कोणी मोजावं?

या पेट्रिआर्कांनी बिशप मातेउश यांच्याबद्दल जे लिहिलं ते शिकलेल्या धर्मगुरूच्या लेखणीला शोभणारं नव्हतं. ढुंगण उघडं टाकून फिरणारा काळा, अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले. बिशपच्या विद्येबद्दल, दीक्षेबद्दल, आचरणाबद्दल मुद्दा नाही. रंगाबद्दल आणि अंगावरच्या कापडाबद्दल. आणि हे कोण्या शिपायाने दारूच्या गुत्त्यात म्हटलेलं नव्हतं. एका वेदीवर उभं राहणाऱ्याने दुसऱ्या वेदीवर उभं राहणाऱ्याबद्दल ते लिहिलं होतं.

लोकांनी ते वाचलं, पुढे सांगितलं. कोणी विचारलं नाही की महाराज, आपण या माणसाला कधी भेटलात? त्याची मिस्सा कधी ऐकलीत?

बिशप मातेउश नदी ओलांडून डिचोलीला गेले. देव गेला होता त्याच काठाला बिशप गेले, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. आदिलशहाच्या अमलात डिचोली, बांदा, वेंगुर्ला इथे त्यांनी काम उभं केलं. विजापूरच्या सुलतानाने त्यांना राहू दिलं. मुसलमान राजाच्या मुलखात ख्रिस्ती बिशपला जागा होती, ख्रिस्ती राजाच्या मुलखात नव्हती.

पण या जागेनेच नवं बोलणं उठवलं. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. डच आणि पोर्तुगीज यांची समुद्रावर लढाई चालू होती, आणि डच हे प्रोटेस्टंट. बघा, गोव्यात म्हणू लागले, हा मुसलमानांच्या आश्रयाला गेला, पाखंड्यांच्या शेजारी बसला, हा गोवा विकणार. राहायला दुसरी जागा त्याला ठेवली कोणी, हे कोणी विचारलं नाही.

बिशप मातेउश पुन्हा रोमला गेले. पुन्हा आपली बाजू मांडली. कचेरीने त्यांना इथिओपियाचं काम दिलं, म्हणजे मेंदेश ज्या भूमीवर हक्क सांगत होते तिथलंच. ते तांबड्या समुद्रापर्यंत गेले, आत जाऊ शकले नाहीत, हिंदुस्थानात परत आले. त्या नेमणुकीने गोव्यातला राग किती वाढला असेल ते सांगायला नको. कचेरीने तेवढा विचार करायला हवा होता असं मला वाटतं.

1649 मध्ये इंगोली वारले.

सत्तावीस वर्षं ते एका टेबलामागे बसले होते. गोव्याची पत्रं येत, डिचोलीची पत्रं येत, ते दोन्ही वाचत. आता त्या खुर्चीत दुसरे आले. पत्रं तीच येत होती, पण गोव्याची जास्त होती आणि डिचोलीची एकच. डिचोलीला आपल्या घरात बसलेल्या त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला हळूहळू कळलं की आता आपलं ऐकणारं कोणी उरलं नाही.

मग त्यांनी लेखणी उचलली. 1653 च्या सुमारास त्यांनी एक पुस्तक लिहिलं. 'ब्राह्मणांचा आरसा' अशा अर्थाचं त्याचं पोर्तुगीज नाव आहे. गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून ते लिहिलेलं होतं. पोर्तुगीजांनी तुम्हाला कसं वागवलं बघा, त्यांच्या पाद्र्यांनी तुमचं काय केलं बघा, आणि तुम्ही मुकाट कसे बसलात ते बघा. त्यातलं बरंच खरं होतं. तीस वर्षांचा अनुभव त्यामागे होता.

पण रागाच्या भरात हात सैल सुटला. आपल्या विरोधकांच्या संघांबद्दल, त्यांच्या माणसांबद्दल जे जे वाईट कानावर आलं होतं, ते त्यांनी लिहून टाकलं. या संघांमध्येही चांगली माणसं होती. रेइश मागुशला त्यांना लॅटिन शिकवलं ते परके फ्रान्सिस्कनच होते. त्यांची वेगळी ओळ त्या आरशात निघाली नाही. आणि आरसा धरला तोही आपल्या जातीपुरता. गावातल्या कुणब्यांनी, गावड्यांनी, कोळ्यांनीही तोच धर्म घेतला होता आणि तेही वेदीपासून लांबच होते. त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला हा बिशप बसला नाही.

पुस्तक गोव्यात पोचलं. विरोधकांना आनंद झाला असावा. इतकी वर्षं ते जे म्हणत होते त्याला पुरावा नव्हता. आता तो खुद्द त्या माणसाच्या हातचा मिळाला.

1654 मध्ये विजापूरच्या फौजा बार्देश आणि सासष्टीत शिरल्या. लुटालूट झाली. फौज परत गेली, पण गोव्यात एकच नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं. हे डिचोलीच्या बिशपने घडवलं. खरंच त्यांचा हात होता की नाही, यावर इतिहासकारांत अजून एकमत नाही. कोणी त्याला कास्त्रोचं कारस्थान म्हणतात, कोणी म्हणतात की आदिलशाहीला गोव्यावर चालून जायला एका पाद्र्याच्या सल्ल्याची गरज नव्हती. त्या वर्षी मात्र कोणी वाद घातला नाही. पुस्तक वाचलेल्यांना ते पटलं, न वाचलेल्यांना त्याहून जास्त पटलं.

पेट्रिआर्क मेंदेश पुढे गोव्यातच वारले. दोघांमधली नदी बोटीने अर्ध्या तासात ओलांडता येण्याजोगी होती. मेंदेश त्या काठावर म्हातारे झाले, मातेउश या काठावर. दोघंही आपल्या माणसांनी नाकारलेले. कोणी एकाने बोट सोडायला हवी होती. कोणी सोडली नाही.

1658 च्या सुमारास बिशप मातेउश रोमला गेले ते कायमचे. साठी ओलांडली होती. कचेरीने त्यांना ठेवून घेतलं, मान दिला, हिंदुस्थानाबद्दल काही अडलं की विचारलं, पण परत जाऊ दिलं नाही. 1659 मध्ये त्याच कचेरीने पूर्वेकडे निघालेल्या फ्रेंच बिशपांसाठी सूचना लिहिल्या. तिथल्या माणसांनाच पाद्री करा, त्यांच्या चालीरीती उगाच मोडू नका, युरोप त्यांच्या गळ्यात बांधू नका, असा त्यांचा सूर होता. दिवाडीचा म्हातारा तेव्हा रोममध्येच होता. 1677 मध्ये तो तिथेच वारला. वय ऐंशीच्या पुढे होतं. मांडवी पुन्हा दिसली नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण तिला एक शेपूट आहे.

बिशप मातेउश यांचा एक पुतण्या होता, तोमास द कास्त्रो. तोही दिवाडीचाच. काकांच्या मागोमाग तोही रोमला गेला, शिकला, बिशप झाला, आणि कानडा मुलखाचा पोपचा प्रतिनिधी म्हणून मंगळुराकडे आला. तिथेही तेच सुरू झालं. गोव्याचे पाद्री म्हणाले, हा खोटा बिशप. तोमास म्हणाले, तुमचाच अधिकार खोटा. गावं दुभंगली. एका घरातली सून एका चर्चला जाई, सासू दुसऱ्या. एकाने लावलेलं लग्न दुसरा मानेना.

1681 मध्ये गोव्याने तिकडे एक तरुण पाद्री पाठवला. बाणावलीच्या घरातला, तिशीतला, हडकुळा. जुझे व्हाझ त्याचं नाव. गोव्याची बाजू घेऊन तोमास यांना विरोध करायचा, असं त्याला सांगून पाठवलं होतं. बिशपबद्दल ऐकवायचं ते सारं त्याला ऐकवलं असणारच.

फादर जुझे यांनी कोणाविरुद्ध आधी काही वाचून दाखवलं नाही. ते बिशपना जाऊन भेटले. त्यांच्याशी आदराने वागले. त्यांचं म्हणणं काय, त्यांना अधिकार कुठून आला, ते त्यांनी त्यांच्याच तोंडून समजून घेतलं. आणि गोव्याला कळवलं की घाई करू नका, रोमहून निवाडा येईपर्यंत लोकांना दोन्हीकडून शाप देत बसू नका. बिशपही निवळले. वाद मिटला नाही, पण त्याची धार गेली. निवाडा येईतो लोकांची लग्नं, बाप्तिस्मे आणि मर्तिकं अडू नयेत, एवढी वाट त्या दोघांनी काढली. काकाला उभ्या आयुष्यात गोव्याचा जो एक माणूस भेटला नाही, तो पुतण्याला भेटला.

हे फादर जुझे पुढे लपतछपत श्रीलंकेत गेले आणि डचांच्या राज्यात ख्रिस्ती लोकांची सेवा करत राहिले. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं.

ही गोष्ट सांगितली की कोणी विचारतं, मग यात चूक कोणाची? निंदा करणारे मेंदेश तर दोषी आहेतच. पण एकट्या मेंदेशांचे शब्द एका पत्रात पडून राहिले असते. ते गोवाभर गेले ते ऐकणाऱ्यांच्या पायांनी. निंदेला बळ मिळतं ते ऐकून पुढे नेणाऱ्यांकडून. ज्या ज्या ठिकाणी बिशप मातेउश यांना विचारणारा भेटला तिथे ते तगले, आणि जिथे नुसते ऐकणारे भेटले तिथे त्यांना गाव सोडावं लागलं. शेवटी तर तेही नुसते ऐकणाऱ्यांत जाऊन बसले. विरोधकांबद्दल कानावर आलेलं त्यांनी तपासलं नाही, लिहून टाकलं. नाव राखायला निघालेल्या माणसाने आपल्या नावावर टाकलेला तो सगळ्यात मोठा डाग होता. मेंदेशांना तो टाकता आला नव्हता.

आता थोडं मुंबईच्या बाजूचं. मातेउश डिचोलीला बसले होते तेव्हा मुंबईजवळची साष्टी, आजची भांडुप, नाहूर, मुलुंड ज्यात येतात ती, सगळी पोर्तुगीजांकडे होती. इथल्या चर्चवर गोव्याचाच शब्द चाले, आणि त्यांच्याबद्दलचं बोलणं इथपर्यंतही आलं असेल. 1737 मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पण चर्चचा कारभार गोव्याच्या बाजूनेच चालत राहिला. दुसरीकडे, मातेउश यांच्या हाती दिलेला तो इदालकानचा प्रांत बंद पडला नाही. पुढे त्याला मोगलांच्या नावाने ओळखू लागले. 1720 मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरची चर्चं त्याच प्रांताच्या बिशपांकडे सोपवली. त्यातूनच मुंबईचा धर्मप्रांत उभा राहिला आणि 1886 मध्ये मुंबईला आर्चबिशप मिळाले. एकाच शहरात दोन सत्ता, एक राजाची, एक पोपची, आणि दोघींचे पाद्री शंभरावर वर्षं एकमेकांना खोटं म्हणत राहिले. 1928 मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडला, त्याची साष्टी मुंबईच्या धर्मप्रांताला जोडली गेली, आणि नाहूरचे ख्रिस्ती मातेउश यांच्या परंपरेत आले. ते त्यांना सांगायला कोणी आलं नाही.

1950 मध्ये वालेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. त्या गादीवर बसलेले ते पहिले भारतीय. ज्या प्रांतावर 1637 मध्ये दिवाडीचा माणूस नेमला गेला होता, त्याच्या गादीवर भारतीय आर्चबिशप बसायला तीनशे तेरा वर्षं लागली. मुलुंडला नाहूर रोडवर संत दहावे पायस यांच्या नावाचं चर्च आहे. ते त्याच धर्मप्रांतात आहे.